ओटीतला गिझर

वर्षाला बक्षीस मिळालं तेव्हा आनंद झाला की नाही, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. श्रावणात कानबाई देवीच्या रविवारी सुरतेतल्या भेस्तानच्या खान्देशी मंडळाने अहिराणी कोडी घालायची स्पर्धा ठेवली होती. वर्षा एकामागून एक कोडी घालत गेली, समोरच्या बायका अडत गेल्या, टाळ्या पडल्या. कोडी सगळी सासूची, पुष्पाबाईंची. वर्षाचं नुसतं पाठांतर. बी.एस्सी.ला असताना रसायनाची सूत्रं तिने अशीच पाठ केली होती. देवीसमोर हळदकुंकू लावलेला गिझरचा खोका तिच्या पदरात पडला आणि पुष्पाबाई गल्लीभर सांगत सुटल्या, "मनी सूनले कानबाईनी गिझर दिधा!"

खरं तर दिला होता निंबा शेठने. कडोदऱ्याला त्यांचे कापडाचे लूम होते आणि वर्षाचा नवरा ललित तिथेच कामाला होता.

गिझर न्हाणीत बसला. एका सकाळी वर्षाने अनवाणी आत जाऊन त्याला जोडलेल्या खालच्या स्टीलच्या नळाला हात लावला, तर बोटांतून कोपरापर्यंत काहीतरी झिणझिणत गेलं. तिने हात मागे घेतला आणि त्या हाताकडे पाहत राहिली. कोणाला काही बोलली नाही. गार्गी झाल्यापासून तिचं अंग असंच झालं होतं. जेवणाला चव नाही, माणसं भिंतीपलीकडून बोलल्यासारखी, हात कधी आपले, कधी दुसऱ्याचे. मग मुंग्या नळाला आहेत की आपल्यालाच, हे ठरवायचं कोणी?

तरी ती पाहत राहिली. पाहणं तेवढं तिच्याकडे शिल्लक होतं. गार्गी आता धरून उभी राहायला लागली होती. खाटेचा पाय, आजीचं लुगडं, पिंपाचा काठ, हाताला येईल ते धरायची. न्हाणीत नळ बरोबर तिच्या उंचीला होता.

तिने ललितला सांगितलं.

"मला तर कधी काही झालं नाही," तो म्हणाला. तो बारा महिने गार पाण्याने आंघोळ करायचा, तरीही मत दिलंच त्याने. "आणि शेठला काय सांगू? तुमचं बक्षीस चावतं म्हणून?"

पुष्पाबाई तर हसल्याच. "तुनाच हातले मुंग्या येतस बाई. माले कसा नही येत? रोज मीच आंग धोस पोरनं."

दुसऱ्या दिवशी वर्षा दाराशी उभी राहून पाहू लागली. पुष्पाबाई लाकडी पाटावर पाय लांब करून बसल्या, गार्गीला पायांवर पालथं घातलं. नळ उघडायला उठल्या तेव्हा रबरी चप्पल पायात. लाकूड आणि रबर. वर्षाच्या डोक्यात कॉलेजातलं काहीतरी हललं, पण कुठे उजेड पडल्यासारखं वाटलं नाही. फक्त कळलं.

तिने त्या दिवशीच गिझरचं बटण बंद केलं, त्यावर चिकटपट्टी लावली आणि गार्गीचं पाणी गॅसवर ठेवलं. दुपारी येऊन पाहिलं तर पट्टी निघालेली. "देवीनं दिधेलं बंद ठेवतस का?" पुष्पाबाई म्हणाल्या.

मग गार्गीला कडेवर घेऊन ती नाक्यावरच्या दुकानात गेली. खोक्यावर त्याच दुकानाचा शिक्का होता.

"बेन, आ तो इनाममां मळेलुं," दुकानदार वर न बघताच म्हणाला. "तमे क्यां पैसा आप्या छे? जेणे लीधुं एने मोकलो."

पैसे देणाऱ्यालाच पाठवा, एवढंच त्याचं म्हणणं. बाहेर येऊन तिने ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या माणसाने हिंदीतून शांतपणे समजावलं: वस्तू फुकट मिळाली असली, तरी ती कोणीतरी विकत घेतलेली आहे, घेणारा ग्राहक आहेच, आणि त्याच्या मर्जीने वापरणाराही ग्राहकच धरतात. तेव्हा आधी घेणाऱ्याला सोबत घ्या, बिल त्याच्याकडे असेल. आणि तोवर मॅडम, ती वस्तू वापरू नका.

म्हणजे निंबा शेठ.

"नही!" घरी सांगताच पुष्पाबाईंनी विषय तोडला. "वटीमा पडेल वस्तू परत करतस का कोठे? कानबाई काय म्हनी? अन् लोके काय म्हनतीन?"

वर्षाने वाद घातला नाही. वाद घालायला राग लागतो, तो तिला सापडेना. ती शेजारच्या पंडितभाऊंकडून टेस्टर घेऊन आली. आधी फ्रीजला लावला, मिक्सरला लावला. दिवा लागला नाही. मग सासूला न्हाणीच्या दाराशी उभं केलं, गार्गीला त्यांच्या हातात दिलं, स्वतः पायात चप्पल घालून गिझर सुरू केला आणि टेस्टर नळाला टेकवला.

लाल ठिपका पेटला.

बटण बंद केलं, ठिपका विझला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा पेटला.

गार्गी पुष्पाबाईंच्या कडेवरून नळाकडे झेपावत होती. त्यांनी तिचा हात मुठीत धरला, घट्ट, इतका की पोरगी रडायला लागली. मग त्या म्हणाल्या, "वटीनं परत देता येत नही. पन वटी भरता तं येस."

"कोणाची?"

"निंबानी बायकोनी. तू भर. मना हात वटीले चालत नहीत आते."

सासरे गेल्यापासून त्या कोणाची ओटी भरत नसत. वर्षाने त्यांच्या हातांकडे पाहिलं. आपले हात चालतात, हे तिला विसरायलाच झालं होतं.

रविवारी गिझर भिंतीवरून उतरवून खोक्यात घातला आणि दोघी गार्गीला घेऊन निंबा शेठच्या घरी गेल्या. शेठच्या बायकोने, जयश्रीकाकूंनी, पदर पसरला. वर्षाने तांदूळ घातले, नारळ घातला, खण घातला आणि वर गिझरचा खोका ठेवला.

"हे काय गं? आमचंच आम्हाला?" काकू हसल्या.

"काकू, हा लावू नका. याच्या नळाला करंट येतो."

निंबा शेठ आतून आले. "वा! धर्माची गाय आणि दात का नाय?"

"दात नाही मोजले, काका. गाय लाथ मारते, ते सांगायला आले." आवाज तिचाच होता, पण सपाट, बातम्या वाचल्यासारखा. "दुकानदार म्हणतो, मी पैसे दिलेले नाहीत. तुम्ही दिलेत. तक्रार तुमची असेल तर त्याला ऐकावीच लागेल. मी वापरणारी, तुम्ही घेणारे. दोघं मिळून जाऊ."

शेठने ललितच्या आईकडे पाहिलं. "पुष्पाबाई, तुम्हीपण?"

"मी दख्यं ना डोयानी," पुष्पाबाई म्हणाल्या.

"घरचं वायरिंग खराब असेल तुमच्या."

काकू अजून पदर धरून उभ्या होत्या. ओझ्याने पदर खाली ओढला जात होता. त्या हळूच म्हणाल्या, "अहो, दोन आणले होते ना. एक आपल्या न्हाणीत लावलाय."

"मग?"

"माझ्या बोटांना पण येतात मुंग्या. गरम पाणी घेताना. मला वाटलं, शुगर वाढली."

निंबा शेठ न्हाणीकडे वळले, आणि काकू एवढ्या जोरात ओरडल्या की गार्गी दचकली, "हात नका लावू! आधी मेन बंद करा!"

शेठने मेन बंद केला. पंखा थांबत गेला. ते म्हणाले, "बिल कारखान्यात पडलंय माझ्या. उद्या जाऊ."

गेलेही. दुकानदाराने आधी तोंड वाकडं केलं, मग कंपनीचा माणूस बोलावला, मग दोन्ही गिझर परत घेतले. बदली कधी येईल ते येईल. वर्षाला मोठं काही जिंकल्यासारखं वाटलं नाही. घरी येऊन तिने पातेल्यात पाणी तापवलं, बादलीत ओतलं, कोपर बुडवून पाहिलं. कोमट होतं. कोमट आहे, एवढं कळलं.

गिझरच्या जागी भिंतीत दोन भोकं राहिली होती. खाली जुना नळ. गार्गी रांगत न्हाणीत शिरली आणि नळाला धरून उठू लागली. वर्षाचा हात सवयीने पुढे झाला. अर्ध्यावर थांबला.

मागून पुष्पाबाई म्हणाल्या, "राहू दे. धरू दे तिले."

गार्गी नळ धरून उभी राहिली.