मुद्दाम चुकणारी ताई

रंगांचं पुस्तक मी बालवर्गात मुद्दाम चुकीचं वाचते. पानावर पिवळं बदक असतं, मी म्हणते, "हे निळं बदक." की अठरा पोरं वर्ग डोक्यावर घेतात, पिवळं, ताई, पिवळं! तेवढ्यात पिवळा पाठ होतो. दुसऱ्याची चूक काढण्याइतकं गोड या वयात काही नसतं. पुढेही नसतं म्हणा.

चिमटी तेवढी गप्प बसायची. नाव वेगळं होतं, पण एवढीशी म्हणून चिमटी. सात महिन्यांत तिने वर्गात एक अक्षर काढलं नव्हतं. घरी मात्र म्हणे तोंडाचा पट्टा सुरू. आई तिची शिवणकाम करायची, दुकान शाळेसमोरच.

"इथलंच काहीतरी तिला टोचतंय," आई म्हणाली. "शुक्रवारपर्यंत बघते. नाहीतर काढून घेते. बसेल माझ्याजवळ दुकानात."

"बघा बाई, तुमची मर्जी," मी म्हटलं. पण झोंबलं. माझ्या वर्गातून आजवर कोणी मूल काढून नेलं नव्हतं. शिवाय ती पोर मला आवडायची.

शुक्रवारी आई येऊन पोरांच्या खुर्चीत बसली, गुडघे हनुवटीशी. मी टोमॅटो हिरवा केला, हत्ती गुलाबी केला. गलका झाला. चिमटी ओठ मिटून माझ्याकडे बघत होती. मी वांग्याला पांढरं म्हटलं, तेव्हा एकाने कपाळावर हात मारला. "ताईला काहीच येत नाही." सगळे खदाखदा हसले. मीही हसले.

चिमटी उठली. पोरांच्या मांड्या ओलांडत आली, माझी मान खाली ओढली आणि कानाला तोंड लावलं.

"ते जांभळं असतं. तुला येत नाही हे मी कोणाला सांगितलं नाही. आईला पण नाही."

माझी चूक आपल्या तोंडून निसटू नये म्हणून पोरीने सात महिने वर्गात तोंडच उघडलं नव्हतं. आणि मी रोज तिच्यासमोर हौसेने चुकत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पोरं डबे खायला गेल्यावर आई पुढे आली. "ओठ हलले तिचे. काय म्हणाली?"

चिमटी माझं बोट धरून उभी होती. सांगितलं असतं तर आईची शंका तिथेच मिटली असती.

"ते आमच्या दोघींतलं आहे," मी म्हटलं.

"मला नाही सांगणार?"

"नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, लेकीच्या मुठीतल्या माझ्या बोटाकडे पाहिलं. "सोमवारी पाठवते," एवढंच म्हणाली आणि दुकानात गेली.

सोमवारी मी पुस्तक पहिल्या पानापासून बरोबर वाचलं. बदक पिवळं, टोमॅटो लाल, वांगं जांभळं. पोरं कंटाळली, दोघं तर लोळायला लागली. शेवटचं पान मिटलं तशी चिमटी सगळ्यांकडे वळली.

"बघा," ती मोठ्याने म्हणाली, "ताईला सगळं येतं."