पहिला बोलका लिलाव

त्या मार्केट यार्डात भुईमुगाच्या शेंगांचा भाव कुणी कधी कानांनी ऐकला नव्हता. भाव ठरायचा रुमालाखाली. आडत्या आणि व्यापारी एकमेकांचा हात धरायचे, वर रुमाल टाकायचे आणि आत बोटं दाबायचे. ज्याच्या शेंगा, तो शेतकरी बाजूला उभा राहून बघायचा, पण दिसायचं काय? आत उंदीर शिरल्यासारखा रुमाल नुसता हलायचा. मग आडत्या रुमाल झटकून म्हणायचा, "झाला सौदा! चांगला भाव मिळवून दिला तुला." चांगला म्हणजे कशापेक्षा चांगला, दुसरं कुणी जास्त देत होतं का, हे विचारायची सोय नव्हती. विचारलंच, तर "घेऊन जा परत" हे उत्तर तयार असायचं. आणि भाड्याच्या गाडीतून आणलेला माल परत न्यायची ऐपत असती, तर माणूस विचारत तरी कशाला बसला असता!

तोफताईनं हे वीस वर्षं पाहिलं होतं. ती यार्डात पोती शिवायची. वजन झालं की पोत्याचं तोंड आवळायचं, दाभणानं सुतळीचे आठ टाके घालायचे आणि पोतं हमालाच्या पाठीवर. हात असा बसलेला, की नजर पोत्याकडे नसली तरी टाका चुकत नसे. तोंडाचा पट्टा मात्र अखंड चालू. आवाज जन्मतःच खणखणीत. एकदा मागे येणाऱ्या ट्रकखाली एक हमाल सापडणार, एवढ्यात ही शेडमधून ओरडली, "थांब!" तो ट्रक तर थांबलाच, पण बाहेरच्या रस्त्यावरचे दोन ट्रक आणि एक सायकलवालाही जागच्या जागी थांबले. त्या दिवसापासून तिचं नाव तोफ पडलं. खरं नाव फक्त हजेरीच्या वहीत राहिलं.

त्या वर्षी वरून नवा नियम आला. रुमाल बंद. प्रत्येक ढिगाचा भाव सगळ्यांसमोर, मोठ्यानं बोलून ठरवायचा. आणि बाहेरच्या खरेदीदारालाही परवाना काढून बोली लावता येईल. यार्डाचे सचिव नवे होते, सरळमार्गी होते, पण आवाज कसा, तर घरी मूल निजलंय असा. त्यांनी नियम वाचून दाखवला तेव्हा पहिल्या रांगेलाही ऐकू गेला नाही. भाव पुकारायला माणूस हवा होता. यार्डातल्या एकूण एक मुनिमाला विचारून झालं. कुणाची पाठ दुखत होती, कुणाच्या घरी पाहुणे होते. व्यापाऱ्यांनी आधीच सगळ्यांना दम भरून ठेवला होता.

सचिव कपाळाला हात लावून बसले असताना खिडकीबाहेर तोफताई एका बैलाला झापत होती. बैलानं उघड्या पोत्यात तोंड घातलं होतं. झापणं ऐकून बैलच काय, गाडीवानही दोन पावलं मागे सरकला. सचिव तसेच उठून बाहेर आले.

"ताई, लिलाव पुकाराल का?"

"मी? साहेब, मला वाचता येत नाही फारसं."

"आकडे येतात ना?"

"आकडे न यायला काय झालं! पोती मोजण्यातच निम्मा जन्म गेला."

"मग झालं तर. रोजंदारी यार्ड देईल."

ती हो म्हणाली. संध्याकाळी मोठ्या शेठचा मुनीम हळूच येऊन सांगून गेला, "पुकार बाई, खुशाल पुकार. पण परवापासून कुणाची पोती शिवणार, तेवढं ठरवून ठेव." यार्डातली निम्मी पोती मोठ्या शेठची. तिच्या घरची चूल त्या आठ टाक्यांवर पेटायची.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. नवरा चाळण्या दुरुस्त करायचा. मुलखाचा मितभाषी. त्यानं ऐकून घेतलं, चाळणी खाली ठेवली आणि घरातलं एकुलतं एक स्टूल मधोमध आणून मांडलं.

"विक," तो म्हणाला.

"काय विकू?"

"हे. सराव कर."

तिनं पुकारायला सुरुवात केली. नवराच एकटा गिऱ्हाईक. तो पन्नास म्हणाला, मग साठ, मग स्वतःवरच चढ करत ऐंशी. शंभरावर गेला तेव्हा शेजारीण दारात येऊन म्हणाली, "सव्वाशे देते, पण आता झोपू द्या पोरांना." हसून हसून दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला व्यापारी, हाताची घडी घालून. मधे पहिला ढीग. माल एका बाईचा. खडकाळ माळावरचा दीड एकर तुकडा आणि त्यातल्या सहा पोती शेंगा, एवढाच तिचा वर्षाचा पसारा. पाच पोती तिनं ओतू दिली होती, सहाव्यावर मात्र ठाण मांडून बसली होती.

"मावशी, उतरा की," हमाल म्हणाला.

"भाव ऐकल्याशिवाय नाही उतरणार. तीस वर्षं ऐकला नाही. आज ऐकायलाच आलेय."

तोफताईनं ओट्यावर उभं राहून आवाज लावला. "सहा पोती, शेंग भरलेली, वाळलेली, खडा नाही! क्विंटलला पाच हजारांपासून! बोला!"

कुणी बोललं नाही.

"पाच हजार! बोला शेठ!"

चष्मेवाले शेठ छपराकडे बघत होते. मोठे शेठ नखं निरखत होते. बाकीच्यांनी तोंडाला कुलूप लावलेलं. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, हे ठरवून आलेत. आज गप्प बसायचं, लिलाव पडला की उद्या पुन्हा रुमाल. शेतकऱ्यांत चुळबुळ सुरू झाली. सचिव कानाशी येऊन पुटपुटले, "ताई, आजचा दिवस पुढे ढकलू या का?"

तिनं पोत्यावरच्या बाईकडे पाहिलं. बाई तिच्याकडेच बघत होती, शाळेत निकाल ऐकायला बसल्यासारखी.

तोफताईला भाषण येत नव्हतं. पण पोती येत होती. कुणाचा माल किती शिवला, हे तिच्या बोटांना पाठ होतं.

"चष्मेवाले शेठ," ती म्हणाली, आणि तिचं साधं बोलणंही शेडच्या पार टोकाला गेलं, "तेलगिरणीचा ट्रक तुम्ही काल सकाळपासून उभा केलाय. एकशे साठ पोत्यांचा. शिवली मी ऐंशी. उरलेल्या ट्रकात काय हवा भरून पाठवणार?"

शेतकऱ्यांत खसखस पिकली. तेवढ्यात वजनकाट्याजवळून ट्रकवाल्याचाच आवाज आला, "खरंय ताई! अर्धा रिकामाच आहे! शेठना विचार, मी जेवून घेऊ का निघू?"

आता मात्र सगळी शेड हसली. व्यापाऱ्यांतले दोघेतिघेही हसले. चष्मेवाल्या शेठनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं शेठ! रुमाल बंद झालाय, तोंड नाही!"

"पाच हजार शंभर!" शेठ वैतागून ओरडले.

"पाच हजार शंभर! पुढे?"

मागून एक अनोळखी माणूस हात वर करून म्हणाला, "पाच हजार दोनशे." भाजलेल्या शेंगांचा छोटा कारखाना होता त्याचा, नवा परवाना घेऊन पहिल्यांदाच आला होता. बाहेरचा माणूस आपल्या यार्डातून माल नेणार, हे काही मोठ्या शेठना सहन होईना. त्यांनी नखं सोडली. "साडेपाच!" असे गरजले, की तोफताईसुद्धा दचकली. एवढा मोठा आवाज या माणसानं इतकी वर्षं रुमालाखाली कुठे ठेवला होता कोण जाणे! मग कोण थांबतं? चष्मेवाले चढले, कारखानेवाला चढला, मोठे शेठ बाह्या सरसावून दोघांवर चढले. ढीग पाच हजार आठशेला मोठ्या शेठकडे गेला. गेल्या वर्षी अशाच मालाचे रुमालाखाली चार हजार सहाशे झाले होते.

"पुन्हा सांग," पोत्यावरची बाई म्हणाली.

"पाच हजार आठशे, मावशी."

"अजून एकदा."

तोफताईनं तिसऱ्यांदा पुकारलं, चांगलं सावकाश. बाई डोळे मिटून ऐकत राहिली. मग पोत्यावरून उतरली, पदर झटकला आणि म्हणाली, "ओता आता."

दुपारपर्यंत तीस ढीग गेले. सगळेच चढ्या भावानं गेले असं नाही. ओला माल ओल्याच्याच भावानं गेला आणि एका शेतकऱ्याच्या ढिगात खडे निघाले तेव्हा तेही तिनं मोठ्यानं सांगितलं. तो रागावला. पण पुढच्या खेपेला माल चाळून घेऊन आला, आणि चाळणी तिच्या नवऱ्याकडूनच दुरुस्त करून नेली होती.

मोठ्या शेठच्या मुनिमानं बोलल्याप्रमाणे आठ दिवस तिला शेठचं एक पोतंही शिवू दिलं नाही. ते आठ दिवस जड गेले. पुकारण्याची रोजंदारी होती, पण घरात डाळ पातळ झाली ती झालीच. नवव्या दिवशी मोठे शेठ स्वतःच आले.

"अगं, नवा माणूस चार टाके घालतो. वाटेत पोती फुटतात माझी."

"मग मी काय करू?"

"लिलाव संपल्यावर शिवत जा. आणि काय गं," शेठनी इकडेतिकडे बघितलं, "उद्यापासून माझी बोली जरा दणक्यात परत म्हणत जा. मागच्यांना ऐकू जात नाही."

"शेठ, तुमची बोली शेजारच्या गावाला ऐकू जाते."

शेठ खूश होऊन गेले.

हंगाम सरत आला तेव्हा एक सडपातळ तरुण बाई डोक्यावर अर्धं पोतं घेऊन आली आणि ओट्यापाशी घुटमळत उभी राहिली.

"ताई, थोड्याच आहेत. त्यातून बारीक आहेत. एवढ्याशा मालाचा लिलाव होतो का?"

तोफताईनं पोत्यात हात घातला, मूठभर शेंगा काढल्या, एक कानाशी धरून वाजवली आणि फोडून दाणा तोंडात टाकला.

"बारीक आहेत, तर बारीक म्हणूनच पुकारीन. पण दाणा गोड आहे, तेही सांगीन. ठेव इथं ओट्यावर, आणि मागे नको उभी राहूस. पुढे ये, ऐकू येईल असं."