मोठा लॅपटॉप कुणाला

मुश्ताकने बॅगेतून शेवटची वस्तू बाहेर काढली आणि मला तिथून उठून जावंसं वाटलं.

आमच्याकडे आखातातून माणूस आला की बॅग लगेच उघडत नाहीत. शुक्रवारची नमाज होते, नातलग जेवायला येतात, बिर्याणी संपते, आणि मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चेन ओढली जाते. कुणासाठी काय आणलं हे मोहल्ल्याला कळायला नको? मुश्ताकने, माझ्या नवऱ्याने, खजूर काढले, अत्तराच्या बाटल्या काढल्या, सासूबाईंसाठी मऊ चादर काढली. आणि शर्टांच्या घडीतून माझ्यासाठी एक पातळ, चंदेरी, वहीएवढा लॅपटॉप.

"आता तो जुना हत्ती घरातून जाणार," तो म्हणाला. "दोन्ही ठेवायचे नाहीत. पोट फुगलंय त्याचं."

खोटं नव्हतं ते. माझ्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी फुगून खालचं झाकण बाहेर आलं होतं. टाईप करताना तो टेबलावर डुगडुगायचा. दोह्यात मुश्ताकच्या खोलीतल्या एकाची गादी अशाच बॅटरीने जळली होती, त्यामुळे आल्यापासून तो येता-जाता माझ्या टेबलाजवळच्या प्लगचं बटण बंद करत सुटला होता. भीती मलाही वाटायची. मासे तळतानासुद्धा मी मधेच गॅस बारीक करून खोलीत डोकवायचे, जळका वास तर येत नाही ना म्हणून. तरी वापरत होते. कारण त्याची स्क्रीन मोठी होती, आणि मला लहान अक्षरं दिसेनाशी झाली होती.

हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

मी पळस्प्याच्या परेशशेठकडे काम करते, पण घरी बसून. बंदरातून येणाऱ्या कंटेनरचे नंबर तक्त्यात भरायचे. चार अक्षरं, सात आकडे, दिवसभर तेच. मोठ्या स्क्रीनला नाक लावलं की ते कसेबसे हाती लागतात. लहान लॅपटॉपवर अक्षरं मोठी करता येतात हे मलाही कळतं, पण मग तक्त्याचे निम्मे रकाने बाहेर जातात, आणि एका कंटेनरचा नंबर दुसऱ्याच्या माथी बसतो. परेशशेठच्या ऑफिसात असाच एक छोटा लॅपटॉप आहे. एकदा त्यावर बसले आणि दुसऱ्या दिवशी शेठचा फोन.

"अल्फियाताई, तुमी तीनाचा आठ केलाय. गाडी गेटवर उभी हाय, ड्रायवर माझ्या नावानं बोंबलतोय. तुमचं असं कवा होत नाय, म्हणून इचारतो. तब्येत बरी हाय ना?"

"बरी आहे हो, डोकं दुखत होतं," मी म्हटलं. आणि खरंच दुखायला लागलं.

चष्मेवाल्याकडेही गुपचूप जाऊन आले होते. त्याने काचा बदलून बदलून पाहिल्या आणि शेवटी यंत्र बाजूला सारून म्हणाला, "ताई, हा नंबरचा प्रश्न नाही. डोळ्याच्या मागच्या पडद्याचे डॉक्टर असतात, त्यांना दाखवा. लवकर दाखवा." मी मान डोलावली, आणि परत त्या गल्लीतून गेलेसुद्धा नाही.

का दाखवलं नाही, तर माझी अम्मी त्या शुक्रवारीही आमच्याच हॉलमध्ये, खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती म्हणून. शहाबानो. एकेकाळी अख्ख्या मोहल्ल्याच्या ओढण्यांवर भरतकाम करणारी बाई. चाळिशीत तिची नजर गेली. तिनेही लपवलंच होतं. घर पाठ करून टाकलं, डबे एका ओळीत लावले, आणि वर्षभर कुणाला पत्ता लागू दिला नाही. मग एका ईदला तिने गरम शीरखुर्मा वाटीत ओतायच्या ऐवजी पाहुण्याच्या हातावर ओतला. पाहुणा किंचाळला, माणसं आधी हसली, आणि नंतर कुणीच हसेना. त्या दिवसापासून अम्मी 'बिचारी' झाली. लोक तिच्यासमोर तिच्याबद्दल बोलतात, जसं काही तिचे कानही गेलेत. मला ते व्हायचं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला रोज बजावत होते.

"अगं, चालू तर कर," सासूबाई म्हणाल्या. "आम्हाला पण बघू दे."

सगळे पुढे सरकले. मुश्ताकने लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवून बटण दाबलं. पांढरा उजेड पडला आणि त्यावर मुंग्यांची रांग उमटली.

"काय विचारतोय बघ. वाच की मोठ्याने."

इतक्या जणांच्या माना माझ्याकडे वळलेल्या. नाक टेकवून वाचलं तर कळणार, नाही वाचलं तरी कळणार. इकडे आड, तिकडे विहीर. आणि अम्मीचा चेहराही माझ्याच दिशेला होता. तिला दिसत नव्हतं, पण माझं गप्प बसणं तिला ऐकू येत असणार, याचीच मला जास्त धास्ती वाटली.

तेवढ्यात तोंडातून शब्द निघून गेले. "हा हुदाला द्या."

"काय?"

"पुढच्या वर्षी दहावी आहे तिची. क्लासला नेता येईल. माझं काय, घरातच काम. त्या जुन्याची बॅटरी तेवढी बदलून आणा. मला तोच बरा."

आणि मग जो कौतुकाचा वर्षाव झाला! आई असावी तर अशी, काय मोठं मन, अल्ला सगळ्यांना अशी सून देवो. माझी सासू, जिने माझ्या भातालासुद्धा कधी चांगलं म्हटलं नाही, तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मुश्ताकचं तोंड जरा उतरलं, पण तोही म्हणाला, "ठीक आहे. उद्याच बॅटरी बदलून आणतो." सुंठीवाचून खोकला गेला. मी उठून चहा टाकायला गेले आणि मनात म्हटलं, सुटले.

हुदा माझ्या मागे स्वयंपाकघरात आली. नवा लॅपटॉप छातीशी धरलेला. उड्या मारायला हव्या होत्या पोरीने, पण तिने दार लोटून घेतलं.

"मम्मी, हा तू घे. मला जुना दे."

"वेडी का खुळी? पप्पांना काय वाटेल?"

"मला मोठाच दे ना. प्लीज."

मला वाटलं, माझ्यासाठी म्हणतेय. मी पातेल्यात साखर टाकत तिला लटकंच रागावले, "जास्त शहाणपणा नको. माझ्या पुण्याईची वाट लावू नकोस."

ती हलेना. मग हळूच म्हणाली, "यावरचं मला वाचता येत नाही."

मी पळी खाली ठेवली.

"फळ्यावरचं पण नाही येत. मी मनस्वीच्या वहीतून उतरवते. अक्षराकडे सरळ बघितलं ना, की ते जातं. बाजूला बघितलं की परत येतं. असं, चोरून बघितल्यासारखं."

मी गॅस बंद केला. हे मी कधीही, कुणालाही, कुठल्याच शब्दांत सांगितलं नव्हतं. अक्षर जातं आणि बाजूला बघितलं की येतं. माझ्याच डोळ्यांतली गोष्ट माझी चौदा वर्षांची पोर मला समजावून सांगत होती.

"कधीपासून?"

"सातवीपासून. तुला सांगणार होते. पण तू नानीकडे बघून किती रडतेस, मग नाही सांगितलं." "मम्मी, मला नानीसारखं तर नाही ना झालं?"

नाही म्हणायला तोंड उघडलं. इतके दिवस मी तेच एक काम इमानदारीने करत आले होते, पण हिच्यासमोर ते करवेना. दोन वर्षं ही माझ्या शेजारी बसून माझ्यासारखंच लपवत होती, आणि मला ते दिसलं नाही. चष्मेवाला 'लवकर' म्हणाला होता. तो माझ्याबद्दल बोलतोय असं समजून मी गप्प बसले. मी त्याच दिवशी डॉक्टरकडे गेले असते, तर त्यांनी घरात आणखी कुणाला असं होतंय का, हे विचारलं नसतं का? जी भीती आजवर मी माझी म्हणून सांभाळली होती, ती काहीच नव्हती. खरी भीती आता आली, आणि ती इतकी मोठी होती की तिच्यापुढे मोहल्ला, सासू, परेशशेठ, सगळे लहान झाले.

मी हुदाचा हात धरून हॉलमध्ये गेले. चहाची वाट बघत सगळे बसले होते.

"मला नीट दिसत नाही," मी म्हटलं. "लहान अक्षरं दिसत नाहीत, म्हणून मी तो लॅपटॉप नको म्हटलं. मोठं मन-बिन काही नाही. आणि हुदाला पण तसंच होतंय. उद्या मला बॅटरी नको, आम्हा दोघींना डॉक्टरकडे न्या."

मुश्ताक उठून उभा राहिला आणि तसाच उभा राहिला. कुणीतरी 'या अल्ला' म्हणालं. सासूबाईंची नजर हुदावर खिळली, आणि त्या तिच्या लग्नाचा काय हिशेब करतायत हे मला कळलं, तरी मी मान खाली घातली नाही.

"हुदा पण?"

अम्मीचा आवाज होता.

"हो, अम्मी."

स्वतःची नजर गेली तेव्हा माझी अम्मी रडली नव्हती. बिचारी म्हणणाऱ्यांसमोरही कधी रडली नव्हती. ती आता तोंडावर ओढणी घेऊन रडू लागली, मग खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठली आणि भिंत न शोधता, दोन्ही हात पुढे करून, पाहुण्यांच्या पायांना अडखळत थेट आमच्याकडे यायला लागली.

"कुठे आहे माझी पोर? कुठे आहे?"

"इथे, नानी," हुदा म्हणाली, आणि माझा हात सोडून तिच्याकडे धावली.