चेतिनाबाईंची टोपली आणि एक किल्ली

मित्रांनो, आमच्या माल्टाच्या राजधानीत, व्हॅलेटात पत्ता शोधताना लोक दारांकडे बघतात आणि तिथेच चुकतात. वर बघा, वर! तिसऱ्या मजल्यावरच्या हिरव्या लाकडी सज्ज्यातून दोरीने डुलत खाली येते आहे ना, ती जुनी टोपली म्हणजे मी.

गोझो बेटावरच्या एका बुरुडाने बोरूच्या कामट्यांनी मला विणलं. त्याला बावन्न वर्षं झाली. तेव्हापासून मी चेतिनाबाईंकडे आहे. आमची गल्ली म्हणजे नुसत्या पायऱ्या, त्यात घरं उंच आणि जिने अंधारे. म्हणून पाव, टपाल, शेजारणीची लिंबं, सगळं माझ्यातूनच वर जायचं. पाववाला नार्दू तर म्हणायचा, "चेतिनाबाई, ही तुमची टोपली माझ्या मेहुण्यापेक्षा कामाची आहे."

पुढे सामान घरपोच मिळू लागलं आणि गल्लीतल्या माझ्या बहिणी माळ्यावर गेल्या. माझीही एक कामटी तुटली, पण बाईंनी ती सुतळीने बांधून मला कामावर ठेवलं. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून सहा वर्षांत त्या खाली उतरल्या नव्हत्या. गाव काय ते माझ्यातूनच त्यांच्याकडे यायचं.

गेल्या मे महिन्यात मेलबर्नहून विस्तिन आला. सोबत बायको हेलेन, दहा वर्षांची टेसा आणि आठ दिवसांची सुट्टी. विस्तिन हा बाईंच्या भावाचा, सालवूचा मुलगा. सालवू "दोन वर्षांत येतो" म्हणून बोटीत चढला, तो आईच्या मातीलासुद्धा आला नाही. गेल्या वर्षी तिकडेच वारला. त्याच्या माणसांना उंबरा ओलांडू देणार नाही, असं बाईंनी कधीच ठरवून टाकलं होतं.

"आत्या, मी सालवूचा विस्तिन," तो खालून म्हणाला.

"असशील. सुट्टीवर आलायस ना? मग गाव बघ आणि जा," बाई वरून म्हणाल्या, आणि सज्ज्याची खिडकी लावून घेतली.

टेसा मात्र चिवट निघाली. आजोबांनी शिकवलेली मोडकीतोडकी माल्टी तिला येत होती. संध्याकाळी मी पावासाठी खाली आले, तर तिने माझ्यात रिकोटा चीज भरलेली गरम पास्तित्सी, म्हणजे आमच्याकडची पापुद्र्यांची करंजी, ठेवली. बाईंनी एक घास खाल्ला आणि विचारलं, "कुठून आणलीस गं?"

"धक्क्यावरून."

"तरीच मिळमिळीत आहे. वेशीजवळच्या दुकानातून आण."

दुसऱ्या दिवशी तिने ती आणली, आणि मग रोजचा नेमच झाला. कधी तटाच्या भेगेतलं केपरचं पांढरं फूल, कधी बंदरापलीकडच्या बिर्गूच्या होडीचं तिकीट, तर कधी मोठ्या चर्चच्या संगमरवरी फरशीचं रंगीत खडूंनी काढलेलं चित्र. ते चित्र बाई कितीतरी वेळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या. खरं सांगते, या गावचा मला भारी अभिमान. पण जन्म सगळा एकाच भिंतीवर वर-खाली करण्यात गेला. आमचं गाव एवढं देखणं आहे, हे मला त्या पोरीमुळे कळलं.

सातव्या दिवशी सकाळीच बाईंनी मकरोनी भट्टीत लावली. चार ताटं मांडली. मग रस्त्यावरच्या दाराची किल्ली माझ्यात ठेवून मला खाली सोडलं. ज्याला जिना उतरवत नाही तो घरच्या माणसाला असंच बोलावतो. त्यावर आणखी काही बोलावं, असं बाईंना वाटलं नाही.

टेसाने किल्ली छातीशी धरली. "बाबा, आत्याआजीने मला भेट दिली!"

विस्तिनने टोपी काढली. "आत्या, फार आभार. आम्ही जपून ठेवू." आणि तिघंही पायऱ्या उतरून निघून गेले.

मी रिकामी वर आले. तटावरची बाराची तोफ झाली. मकरोनी निवली. मग चारचीही तोफ झाली.

"बापावर गेलाय," बाई म्हणाल्या. "घरात पाऊल टाकायचंच नाही त्याला." दुसऱ्या दिवशी त्यांचं विमान होतं. माझा जीव नुसता तळमळत होता, पण टोपलीचं ऐकतो कोण?

पुढचं नार्दूने नंतर गल्लीभर सांगितलं, म्हणून मला कळलं. त्याच संध्याकाळी धक्क्यावर टेसाच्या गळ्यात फितीला बांधलेली ती किल्ली त्याला दिसली. भेट मिळाली म्हणताच त्याने कपाळावर हात मारून घेतला. "अरे शहाण्या, घराची किल्ली कुणी भेट देतं का? ते बोलावणं आहे! म्हातारी वर ताटं मांडून बसली असेल, आणि तू तिचं दार गळ्यात घालून हिंडतोयस!"

विस्तिन गल्लीच्या सगळ्या पायऱ्या धावत आला आणि त्या किल्लीने दार उघडून जिना चढून वर आला. त्याला धाप लागली होती.

"आत्या, मला कळलंच नाही गं. बाबांनी कधी सांगितलं नाही. ते एवढंच म्हणायचे, चेतिना बोलावत नाही तोवर कसं जायचं?"

बाई खुर्चीचा हात धरून उभ्या राहिल्या. "बोलावत नाही? अरे, सख्ख्या भावाला आपल्याच घरी यायला बोलावणं लागतं, हे मला काय ठाऊक?" एवढं बोलून त्या रडल्या. सालवूसाठी रडताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. मग त्यांनी मकरोनी पुन्हा गरम करायला घेतली.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा, तुटली कामटी बांधा, दोरी बदला. पण आमच्यावर फार विसंबू नका. कुणी यावंसं वाटत असेल, तर तोंडाने 'ये' म्हणा. बावन्न वर्षांत मी काय काय उचललं, पण तेवढा एक शब्द मला खाली नेता आला नाही.