बाबाच्या पाच पाट्या

“सव्वीस!”

पंचतत्त्वबाबांनी डोळे मिटूनच आकडा सांगितला आणि ट्रॅक्टरवाला लोटन हात जोडून वाकला. त्याच्या मनात सव्वीसच होता. रिकाम्या कांदाचाळीत दाटीवाटीनं बसलेली शे-दीडशे माणसं एकदम हुंकारली.

“देखं का? मनमानं बठ्ठं वळखस बाबा!” कुणीतरी म्हणालं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोक्यावरचे पदर आणखी पुढे ओढले. जणू पदराआड मन लपतं!

बाबांची रीत अशी. त्यांच्यापुढे पाच पिवळ्या पाट्या मांडलेल्या. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश अशी त्यांची नावं, आणि प्रत्येकीवर तांबड्या रंगात सोळा-सोळा आकडे. आपण एक ते एकतीसमधला कुठलाही आकडा मनात धरायचा. माणसाच्या मनाला म्हणे एकतीसच कप्पे असतात. बाबा एकेक पाटी उचलून विचारणार, “बेटा, पृथ्वीत आहे?” आपण फक्त हो किंवा नाही म्हणायचं. पाचवी पाटी खाली टेकते न टेकते तोच आकडा हजर.

“मी कुठे सांगतो?” बाबा हसून म्हणायचे. “पंचतत्त्वं तुझी चुगली करतात, बेटा! गाव बदलशील, नाव बदलशील, तत्त्वांपासून लपशील कुठे?”

मी मागे खांबाला टेकून हे ऐकत होतो आणि आतल्या आत जळत होतो. माझं नाव योगराज. पिंपळनेरला कॉम्प्युटरचे क्लास घेतो. कांदाचाळ झुलालनानांची, आणि माझी धाकटी बहीण दिपमाला ही त्यांची सून; तिचा नवरा कामासाठी परगावी असतो. तिला लहानपणापासून फिट येते. धुळ्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्यापासून चार वर्षं एकदाही आली नव्हती. महिन्याभरापूर्वी हे बाबा गावात आले, त्यांनी नानांच्या मनातला आकडा ओळखला, आणि त्याच बैठकीत सांगितलं की सुनेच्या अंगात बाधा आहे, गोळ्यांनी ती आत कोंडली जाते. गोळ्या विहिरीत गेल्या. गेल्या आठ दिवसांत तिला तीन फिट आल्या होत्या. तिसऱ्या वेळी ती चुलीपाशी पडली. आज बाबा तिला चाळीस दिवसांसाठी आपल्या मठात नेणार होते. एकटीला. जीप चाळीच्या दाराशी उभीच होती.

सकाळी मी तिला म्हटलं, “दिपू, तू सरळ नाही म्हण. मी आहे.”

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचे ओठ हलत होते. मग पुटपुटली, “भाऊ, मी दिनभर मनमा पाढा म्हनस. दुसरं काही मनमा येवाले नको. त्यास्ले कळी जाई.”

बी.एस्सी.ची दोन वर्षं झालेली माझी बहीण सतराचा पाढा म्हणत बसली होती, कारण मनात ‘नाही’ उमटलं तर बाबांना ऐकू जाईल! तुरुंगातल्या माणसाला निदान भिंतीकडे तोंड करून शिवी तरी हासडता येते. हिला तीही सोय उरली नव्हती.

आणि तिला समजावणार कोण? मी? गेल्या सोमवारी मी स्वतः पुढे जाऊन बसलो होतो, बाबाची फजिती करायला. मनात सत्तावीस धरला. हो, हो, नाही, हो, हो. “सत्तावीस,” बाबा म्हणाले. मी उठून गुपचूप मागे आलो. खोटं कशाला सांगू, त्या दिवसापासून त्यांच्यासमोर मीसुद्धा जपून विचार करायला लागलो होतो. विचारसुद्धा जपून!

चाळीत माझ्याशेजारी धुरपदाअक्का बसल्या होत्या. झुलालनानांची थोरली बहीण, ऐंशी पार केलेली. वडिलांच्या किराणा दुकानात लहानपणी त्या तराजू धरायच्या. नजर आता अधू झाली आहे, पण कान तिखट. लोटनचं ‘हो-नाही’ ऐकून त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या. मग त्यांनी मला कोपरानं ढोसलं.

“योगराज, तू ते कम्प्युटरना मास्तर ना? त्या पाट्यास्वर पहिला आकडा कोनता शे, वाच बरं.”

मी मान उंचावून वाचलं. “एक. दोन. चार. आठ. सोळा.”

“मंग?” अक्का म्हणाल्या. “ही ते मन्हा बापनी वजनं शेतस!”

मला काही कळेना. त्यांनी माझा हात ओढून तळव्यावर बोट टेकवत मोजून दाखवलं. छटाक म्हणजे एक. अदपाव म्हणजे दोन छटाक, पावशेर चार, अर्धा शेर आठ, शेर सोळा. दुकानात एवढीच पाच वजनं होती, आणि त्यांतली काही पारड्यात टाकून, काही बाहेर ठेवून, एका छटाकापासून एकतीस छटाकांपर्यंत काहीही तोलता यायचं. लोटन कुठे-कुठे ‘हो’ म्हणाला? दोनच्या, आठच्या आणि सोळाच्या पाटीला. अदपाव, अर्धा शेर, शेर. झाले सव्वीस!

“बाबा मनमा देखस नही,” अक्का म्हणाल्या. “तो तोलस.”

माझ्या कानशिलात बसावी तसं झालं. दहा वर्षं मी फळ्यावर हेच शिकवतो! दहाच्या घरातली संख्या दोनच्या घरात कशी लिहायची, त्यावरून आठची आणि सोळाची पद्धत कशी निघते, कॉम्प्युटर फक्त एक आणि शून्य कसे ओळखतो, हे पोरांकडून घोटून घेतो. ‘हो’ म्हणजे एक, ‘नाही’ म्हणजे शून्य. माझं हो-हो-नाही-हो-हो म्हणजे ११०११, आणि ११०११ म्हणजे सत्तावीस. मीच माझा आकडा बाबाला अक्षरशः लिहून दिला होता. पण भगवी शाल पांघरून समोर आल्यावर माझाच धडा मला ओळखता आला नाही. याची लाज मला जन्मभर वाटेल.

अक्का उठल्या. काठी टेकत थेट पाट्यांपाशी गेल्या. बाबांनी आशीर्वादाला हात उचलला तो तसाच राहिला.

“झुलाल, मनमा आकडा धर,” त्यांनी भावाला फर्मावलं, आणि एकेक पाटी उचलत विचारलं. नाना गोंधळून उत्तरं देत गेले. हो. हो. नाही. नाही. हो.

“छटाक, अदपाव, शेर. एकोणीस.”

नानांचा चेहरा पांढरा पडला. “अक्का, तुले कसं…?”

“मन्हा अंगमा कोन्हताच देव नही, भाऊ. मी गिऱ्हाईकले शेंगदाना तोली दियेल शेतस.”

चाळीत एकच गलका उडाला. मी पुढे होऊन सगळ्यांना समजावलं की ज्या पाटीवर आपला आकडा असतो, तिचा पहिला आकडा बेरजेत घ्यायचा. तीन-चार जणांनी तिथल्या तिथे एकमेकांचे आकडे ओळखले. एकतीस कप्प्यांचं गूढही सुटलं. पाच वजनांची बेरीज तेवढीच होते! सहावी पाटी रंगवली असती, तर आपल्या मनाला त्रेसष्ट कप्पे फुटले असते.

बाबा सावरून म्हणाले, “ही पोरांची कसरत झाली. माझी सिद्धी वेगळी.”

“मग न विचारता सांगा,” मी म्हटलं.

बायकांच्या रांगेतून दिपमाला उभी राहिली. तिचे ओठ हलत नव्हते. पाढा थांबला होता.

“मन्हा मनमा आकडा शे,” ती बाबांना म्हणाली. “मी हो म्हननार नही, नही म्हननार नही. सांगा.”

बाबांनी डोळे मिटले. उघडले. पुन्हा मिटले. गाव बघत होतं. “या पोरीचं मन मलिन आहे,” शेवटी ते पुटपुटले. “तत्त्वं आत शिरत नाहीत.”

झुलालनाना सावकाश उठले. सुनेकडे त्यांना बघवत नव्हतं. “बाबा, तुम्हनी जीप काढा,” ते म्हणाले. “पोर कोठेच जानार नही.” त्याच दुपारी मी आणि नाना तिला घेऊन धुळ्याला गेलो. डॉक्टर आम्हां दोघांना जे बोलले, ते आम्ही मान खाली घालून ऐकलं.

वाचकहो, माझं सांगणं साधं आहे. तुमच्या मनातलं ओळखणारा भेटला, की तोंड मिटून बघा. तुम्ही हो-नाही सांगितल्याशिवाय त्याला काही कळतं का, ते तपासा. आणि चालू असलेलं औषध कुणाच्या चमत्कारापायी बंद करू नका. आकडा ओळखणं वेगळं आणि आजार ओळखणं वेगळं.

परतीच्या एसटीत मी दिपमालाला विचारलं, “कोणता आकडा धरला होतास गं?”

ती खिडकीबाहेर बघत राहिली, आणि महिन्याभरात पहिल्यांदा हसली.

“नही सांगनार,” म्हणाली.