न दुखणारी गाठ

सारजाबाईला जाऊन महिना होत आला होता. लेक ताराबाई आईसाठी झुरत बसेल म्हणून सारजाबाईची धाकटी बहीण छबुबाई भाचीला चार दिवसांसाठी आपल्या बिऱ्हाडावर घेऊन आली. आष्टीच्या वरल्या माळावर तेव्हा त्यांची मेंढरं उतरली होती. ताराबाई लग्न झालेली, कर्तीसवरती बाई. पण मावशीपुढं ती अजून पोरच होती.

रोज झुंजुमुंजू झालं की छबुबाई मेंढरांभोवती ताणलेली जाळी उचलून आत शिरायची आणि व्यालेल्या एकेका मेंढीच्या कासेवरून हात फिरवायची. कास तापलेली लागली, मेंढीनं लाथ झाडली, की दुखणं धरलं म्हणून समजायचं. लगेच पिळायचं, शेक द्यायचा. हाताला गार, न दुखणारी गुठळी लागली तर ती दुधाची. तिच्याकडं बघायचंही नाही. दोघी बहिणींना हे त्यांच्या आईनं शिकवलं होतं, आणि मेंढरांपुरतं ते कधी खोटं ठरलं नव्हतं.

त्या दिवशी उन्हं वर आल्यावर छबुबाई घोंगडीच्या आडोशाला न्हायला बसली. तारा तिची पाठ चोळत होती. हात काखेच्या खाली पुढच्या अंगाला गेला आणि तिथंच थांबला.

"अगं, गुदगुल्या करतीस का काय?" छबुबाई हसली.

"मावशे, हे काय गं?"

"कुठं? ती व्हय! दुधाची गाठ हाय, धाकट्याच्या येळची. दुखत न्हाई, खुपत न्हाई. पाणी घाल, गार व्हायलंय."

तारानं पुन्हा बोट ठेवलं. बोराच्या आठळीएवढी असेल. हेच शब्द, असेच हसत, आईनंही म्हटले होते.

मावशीला ते ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. शेवटच्या दिवसांत सारजाबाईनं लेकीला शपथ घातली होती, "माझं दुखणं कुठं व्हतं ते कुणाला सांगू नगंस. भावकीत बाईच्या छातीच्या गप्पा नगंत." म्हणून सख्ख्या बहिणीच्या लेखीही ती पोटाच्या दुखण्यानं गेली होती. तारानं आईचा शब्द आजवर पाळला होता. आता तिनं मावशीच्या ओल्या पाठीकडं बघितलं, आणि मनातल्या मनात आईची माफी मागितली.

"आय पोटानं न्हाई गेली, मावशे."

छबुबाईनं मान वळवली.

"तिलाबी अशीच गाठ व्हती. ह्याच जागी. दोन पावसाळे दुखली न्हाई. आंबेहळद लावायची, वर चोळी घालायची. मला हात लावू देत नव्हती. फुटली तवा नगरला बायकांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरीण म्हणाली, दुखायच्या आधी आणायचं होतं. लहान होती तेव्हा काढता आली असती."

एकदम छबुबाईचा आवाज चढला. "मला सांगितलं न्हाई! एका ताटात जेवलो आमी! तिला कसली गं एवढी लाज माझ्यापाशी?" आणि ओल्या लुगड्यात तोंड खुपसून ती रडली. तारा पाणी घालायचं विसरून तिला धरून बसली.

सावरल्यावर मावशीचा हात आपोआप छातीशी गेला. "पण मेंढीला तर..."

"तू मेंढी हायेस का?"

"तुझा काका म्हणतो तसं कवाकवा." रडता रडता तिला हसू फुटलं. "लई कापत्यात का गं?"

"कापत्यात. मी संग हाय."

नवऱ्याला सांगायला मात्र तिनं ताराला पुढं होऊ दिलं नाही. म्हाळू घोंगडी झटकत होता. "परक्याला दाखवायचं?" ऐकून तो एवढंच म्हणाला.

"बाईच हाय डॉक्टरीण. आन् खरा परका तर काळ, धनी. सारजाअक्काला न्यायच्या आधी त्यानं इचारलं का?"

म्हाळूनं भावकीतल्या माणसांना मेंढरं सोपवली आणि तट्टावर बायकोसाठी घोंगडी दुहेरी अंथरली. तिघं कडा गावाच्या वाटेनं नगरला निघाली. निजामाची मोगलाई संपायच्या ठिकाणी करोडगिरीच्या जकात नाक्यावर शिपायानं हटकलं, "क्या माल है?"

"माल न्हाई सायेब, बायकू हाय," म्हाळू म्हणाला.

"जकात मागतो का बघा," वरून छबुबाई पुटपुटली. "मागितली तर हितंच सोडून जातील मला." म्हाळूनं लगाम घट्ट धरला. त्याला हसू आलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ताराला ओळखलं. त्यांनी छबुबाईला पडद्याआड नेलं. बोटांनी गाठ चाचपली, ती सरकते का पाहिली, काख तपासली, आणि पुन्हा एकदा तपासली. "काखेत काही लागत नाही," त्या म्हणाल्या. "लहान आहे. लवकर आलात. उद्या काढू." मग ताराकडं बघून हळू आवाजात विचारलं, "तू आणलंस?"

तारानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी छबुबाईनं डोळे उघडले तेव्हा छातीला पट्टे आवळलेले होते आणि तारा खाटेच्या पायाशी पदर तोंडाला लावून बसली होती. आईच्या मयतीला न आलेलं रडू आता तिला आवरत नव्हतं.

"कावून रडतीस गं?" मावशीचा आवाज क्लोरोफॉर्मनं जड झाला होता. "गाठ गेली न्हवं?"

"गेली."

"मंग?"

"आयलाबी असंच आणायचं व्हतं, मावशे."

छबुबाईनं बऱ्या हातानं चाचपडत तिचा हात धरला आणि कण्हत थोडी भिंतीकडं सरकली.

"ये. हितं ये, माझ्या ह्या अंगाला," ती म्हणाली. "रड पोटभर. पण हळू हलीव खाट, लई दुखतंय."