डाव्या चाकाचा जोड

वाळूच्या चौकटीत अर्ध्यावर पोचलेली गाडी एकाएकी जागच्या जागी गोल फिरायला लागली. उजवं चाक फिरत होतं, डावं मेलं होतं. दोरीबाहेर क्लेमेंटिना उभी होती. गाडी का अडली हे त्या सभागृहात फक्त तिलाच ठाऊक होतं.

सावंतवाडीला जिल्ह्यातल्या बावीस शाळा आपापली यंत्रं घेऊन आल्या होत्या. तोंडवलीकडच्या तिच्या शाळेची गाडी वाळूतून जाळ्यांचे तुटके तुकडे वेचून मागच्या डब्यात टाकायची. नववीतल्या दिव्या आणि अक्षया या दोघींनी चार महिने खपून ती केली होती. पहिल्या फेरीत अकरा तुकडे वेचून ती पुढे होती. ही फेरी निभावली असती तर मुली राज्याच्या स्पर्धेला गेल्या असत्या. आता दुरुस्तीला दहा मिनिटं होती. यंत्र सगळं मुलांच्या हातचं असायला हवं, आणि मोठ्यांनी दोरीबाहेर तोंड मिटून उभं राहायचं, असा नियम होता.

क्लेमेंटिना काही शिक्षिका नव्हती. चोवीस वर्षं ती शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धूत आली होती. रोबोटिक्सची खोकी आली, प्रशिक्षण घेऊन आलेल्या सरांची वर्षभरात बदली झाली आणि खोकी कपाटात गेली. तिचे पप्पा मालवणच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांच्या शेजारी बसून ती दहाव्या वर्षीच तारा डाग देऊन जोडायचं सोल्डरिंग शिकली होती. एक दिवस तिनंच मुख्याध्यापकांना भीत भीत विचारलं, मुलांना खोकी उघडून दाखवू का? त्या दिवसापासून नळ्या धुणारी बाई मुलांची क्लेमामावशी झाली. साठीला टेकताना आयुष्यात असं काही घडेल असं तिला वाटलं नव्हतं.

पण मे महिन्यापासून तिचा उजवा हात थरथरत होता. घरी नवऱ्याला, आग्नेलला, तिनं सांगितलं नव्हतं. डॉक्टरकडे गेली नव्हती. शाळेत कळलं तर रोबोटिक्सच्या खोलीची चावी आपल्याकडून जाईल, या धास्तीनं ती हात सतत ॲप्रनच्या खिशात ठेवायची आणि मुलींना म्हणायची, आता तुम्हीच करा, शिकाल कधी?

काल संध्याकाळी मुली घरी गेल्यावर तिची नजर पुन्हा डाव्या मोटरच्या तारेवर गेली. दिव्यानं केलेला जोड ओबडधोबड होता. तिला ते बघवलं नाही. जोड वितळवून तिनं पुन्हा केला आणि सोल्डर थंड होत असतानाच हात हलला. वरून जोड नीटस दिसत होता. असा आतून न धरलेल्या जोडाला पप्पा ‘ड्राय’ म्हणायचे. तिनं तार ओढून पाहिली, सुटली नाही. पुन्हा सोल्डरिंगचं आयर्न हातात घ्यायचं धाडस तिला झालं नाही.

आता दिव्यानं बॅटरी बदलली. अक्षयानं प्रोग्रॅम पुन्हा चढवला. डावं चाक ढिम्म. त्या जोडाकडे दोघींपैकी एकीचंही लक्ष जात नव्हतं, कारण काल त्या निघताना मावशीनं तो बघून पसंतीची मान हलवली होती. घड्याळात चार मिनिटं उरली होती. क्लेमेंटिना गप्प राहिली तर कुणाला काही कळणार नव्हतं. यंत्र आहे, बिघडतं, असंच सगळे म्हणाले असते. बोलली तर मुलींचा नंबर जाणार आणि तिची खोलीही.

तेवढ्यात दिव्या अक्षयाला हळूच म्हणाली, “माझाच कायतरी चुकला गो.”

ते ऐकलं आणि क्लेमेंटिना बोलून गेली. “दिव्या, डाव्या मोटरचो जोड बघ. तो तुझो न्हय. काल तुमी गेल्यावर मी परत केलंय. ड्राय रवलो तो.”

परीक्षक जवळ आले. माणूस सभ्य होता. मोठ्यांपैकी कुणी यंत्रावर काम केलं आहे का, असं त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं, होय, मी केलं, मुलींना याची काही कल्पना नव्हती. ते दुसऱ्या परीक्षकांशी बोलून आले. गाडी चालवून दाखवता येईल, म्हणाले, पण क्रमांकासाठी ती धरता येणार नाही.

अक्षया मटकन खाली बसली आणि रडायला लागली. दिव्यानं तिच्याकडेही पाहिलं नाही आणि मावशीकडेही. तिनं आयर्न तापवलं, जुना जोड सोडवला, तारेचं टोक खरवडलं, नवं सोल्डर सोडलं आणि ते थंड होईपर्यंत श्वास रोखून धरला. जोड पुन्हा ओबडधोबडच झाला. गाडीनं चौदा तुकडे वेचले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फळ्यावर आकडा कुणी लिहिला नाही.

परतताना कुडाळच्या स्टँडवर मालवणच्या एसटीला अर्धा तास होता. तिघी कॅन्टीनच्या बाकावर बसल्या. अक्षया पाठ करून बसली होती. चहा आला. दिव्यानं आपला ग्लास निम्मा संपवला आणि मग विचारलं, “मावशी, माझो जोड वायट होतो?”

“नाय गो. बरो होतो. दिसाक बरो नव्हतो, इतक्याच. माका रवाक झाला नाय.”

“आणि तुझो ड्राय कसो रवलो? तुझो कधी रवणा नाय.”

क्लेमेंटिनानं उजवा हात खिशातून काढला आणि काठोकाठ भरलेला ग्लास उचलला. चहा हिंदकळून बोटांवरून टेबलावर सांडला. तिनं दुसऱ्या हाताचा आधार दिला नाही. अक्षयाही आता वळून बघत होती.

“मे महिन्यापासून,” क्लेमेंटिना म्हणाली.

दिव्यानं तिच्या हातातून ग्लास काढून घेतला. त्यातला अर्धा चहा आपल्या ग्लासात ओतला, ग्लास बाहेरून पुसला आणि तिच्या हातात परत दिला.